वर्षभरात बघितलेल्या पिक्चरची नोंद कशी ठेवायची, वहीत की ॲपवर?

तुम्ही विचारलंय की वर्षभर बघितलेल्या पिक्चरची यादी ठेवायचीय, पण दर जानेवारीत सुरू होते आणि फेब्रुवारीत बंद पडते, तर वही बरी की ॲप, मार्क कसे द्यायचे, आणि आता अर्धं वर्ष गेलंय तर मागचं काय करायचं. मी बेळगावचा, उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये कामाला आहे, बरीच वर्षं ही नोंद ठेवतोय आणि अजून चालू आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी उत्तर सांगून टाकतो. वही घ्या, ॲप जोडीला ठेवा, मार्क द्यायचं सोडा. पिक्चर चांगला की वाईट हे सांगणारे हजार जण आहेत, पण तुम्ही तो कुठं बघितला, कुणाबरोबर बघितला, कुठल्या भाषेत बघितला हे तुमच्याशिवाय दुसरं कोण लिहिणार सांगा. आणि नोंद बंद का पडते माहितीय का, पहिल्या आठवड्यात माणूस उत्साहानं एकेका पिक्चरवर पानभर लिहितो, मग एक दिवस कामावरनं उशीर होतो, पान राहतं, पुढचा पिक्चर येतो, दोन पानं राहतात, आणि मग वही कपाटात जाते. एका पिक्चरला एक ओळ, फार तर दोन, एवढंच ठेवलं तर नाईट शिफ्टहून येऊनसुद्धा लिहून होतं.

माझ्या ओळीत असतं ते असं: तारीख, नाव, पिक्चरचं साल, भाषा, कुठं बघितला, कुणाबरोबर, आणि शेवटी मनात राहिलेली एक गोष्ट. तारीख म्हणजे बघायला बसलो ती. रात्री अकराला लावलेला पिक्चर दीडला संपतो, मग कुठली तारीख लिहायची म्हणून अडायचं नाही. साल लिहायलाच पाहिजे, कारण नावं परत परत येतात, नुसतं ‘देवदास’ लिहिलं तर १९५५ चा की २००२ चा हे पाच वर्षांनी कसं कळणार. आता सालाचा पण एक घोळ आहे. ‘फँड्री’ फेस्टिव्हलमध्ये २०१३ ला दिसला, थेटरात लागला फेब्रुवारी २०१४ ला. ‘कोर्ट’ व्हेनिसच्या फेस्टिव्हलला २०१४ मध्ये दाखवला, आपल्याकडं लागला एप्रिल २०१५ मध्ये. ॲपवर बहुतेक आधीचं साल असतं. मी पण तेच धरतो. तुम्ही रिलीजचं धरलं तरी चालतंय, फक्त एकदा ठरवा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. टॉकीजमध्ये सुरवातीला सेन्सॉरचं सर्टिफिकेट येतं ना, त्याच्यावर भाषा, लांबी, तारीख सगळं असतं, मी ते वाचायला लागलोय. घरात पोरं असतील तर आणखी एक उपयोग, नोव्हेंबर २०२४ पासनं यूए सर्टिफिकेटचे, म्हणजे पोरांनी आईबापाच्या देखरेखीखाली बघायच्या पिक्चरचे, ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग केलेत, तेपण टिपून ठेवता येतं, म्हणजे पुढं भाचरांना काय दाखवायचं ते वहीतच मिळतं.

आता भाषेचा रकाना. यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण मला स्वतःला सगळ्यात जास्त तोच आवडतो आणि आमच्या भागात तो भरताना खरोखर विचार करावा लागतो. पुण्यातल्या माणसाला मराठी, हिंदी, इंग्रजी लिहून मोकळं होता येत असेल. आमच्याकडं घरात मराठी, कामावर अर्धी कन्नड अर्धी मराठी, टीव्हीवर हिंदी, आणि तेलुगू पिक्चर तर कुठल्या भाषेत कानावर पडेल सांगता येत नाही. कन्नडमध्ये डबिंग करायला तिथल्या इंडस्ट्रीचा कित्येक दशकं विरोध होता, २०१५ मध्ये कॉम्पिटिशन कमिशननं, म्हणजे धंद्यातल्या स्पर्धेवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी आयोगानं, त्याच्या विरुद्ध निकाल दिला आणि हळूहळू दुसऱ्या भाषांतले पिक्चर कन्नड आवाजात यायला लागले. त्याच्या आधी आमच्या इथले लोक तेलुगू हिरोला हिंदीतच बोलताना ऐकायचे. म्हणून माझ्या वहीत भाषेच्या रकान्यात दोन गोष्टी असतात, पिक्चर मुळात कुठल्या भाषेतला आणि मी कुठल्या भाषेत ऐकला. ‘तेलुगू, हिंदीत ऐकला’, ‘तमिळ, कन्नडमध्ये ऐकला’, ‘कन्नड, तसाच’. खाली सबटायटल होते का तेपण. दोनच शब्द जास्त, पण वर्षाच्या शेवटी बघितलं की आपण कुठल्या माणसांचा खरा आवाज ऐकला आणि कुणाचा उसना, ते स्पष्ट दिसतं.

आणि एकच पिक्चर दोन भाषांत असला तर माझ्याकडं त्या दोन नोंदी होतात. हे आजचं नाही बरं का. प्रभात कंपनी १९२९ ला आमच्या शेजारी कोल्हापुरात सुरू झाली, १९३३ ला पुण्याला गेली, आणि ते लोक एकच गोष्ट मराठीत आणि हिंदीत वेगळी शूट करायचे. १९३२ चा ‘अयोध्येचा राजा’ दोन्ही भाषांत, १९३७ चा ‘कुंकू’ हिंदीत ‘दुनिया न माने’, १९३९ चा ‘माणूस’ हिंदीत ‘आदमी’. ‘माणूस’मधल्या शांता हुबळीकर मूळच्या हुबळीकडच्या, म्हणजे आमच्यापासनं पुढं धारवाड ओलांडलं की त्यांचं गाव, हे मला वहीसाठी माहिती शोधताना कळलं आणि किती आनंद झाला काय सांगू. मराठी पिक्चरच्या अगदी गाजलेल्या हिरॉइनपैकी एक कन्नड मुलखातली! पुढं १९८२ चा ‘उंबरठा’, तो हिंदीत ‘सुबह’ नावानं केला, त्यात स्मिता पाटीलच्या नवऱ्याच्या भूमिकेत गिरीश कार्नाड. त्याच कार्नाडांचं कन्नडमधलं काम बघायचं म्हणून मी १९७० चा ‘संस्कार’ शोधला, तिथनं १९७७ चा ‘घटश्राद्ध’ सापडला. यातलं काही मी ठरवून केलं नव्हतं. वहीत एका ओळीत कुणाचं नाव लिहिलं की पुढच्या पिक्चरची वाट तिथनंच निघते, हा नोंद ठेवण्याचा माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोठा फायदा.

‘सैराट’चं उदाहरण पण देतो. २०१६ चा मराठी, आणि २०१७ मध्ये त्याचा कन्नड रिमेक आला ‘मनसु मल्लिगे’, हिरॉइन रिंकू राजगुरूच. मी दोन्ही बघून समोरासमोरच्या पानांवर लिहिलेत. मराठीच्या ओळीत लिहिलंय ‘विहीर, घोडा, आणि शेवटी आवाज नाही’. कन्नडच्या ओळीत लिहिलंय ‘आर्ची तीच, गाव दुसरं’. माझा एक मित्र गोकाककडचा, कामावर बरोबर असतो, त्यानं आधी कन्नडच बघितला होता आणि त्याला तोच आवडतो, ‘छलो ऐति’, म्हणजे चांगला आहे, म्हणाला, ते पण मी त्याच्या नावानं पानात लिहून टाकलं. एकच गोष्ट, पण कुणी कुठनं आत शिरलं त्यावर किती फरक पडतो बघा.

कुठं बघितला हा रकाना फालतू वाटेल पण गाळू नका. मराठी पिक्चर बेळगावात लागतो, नाही असं नाही, पण किती शो आणि किती दिवस याचा भरवसा नसतो, एखादा शुक्रवारी लागून पुढच्या आठवड्यात गेलेला असतो, एखादा लागतच नाही. मग कोल्हापूर गाठायचं, नाहीतर निपाणीच्या मामाकडं मुक्काम ठोकून तिथनं जायचं, नाहीतर ओटीटीवर यायची वाट बघायची. त्यामुळं माझ्या वहीत ‘कोल्हापूर, मामाबरोबर, येताना पाऊस’ असं लिहिलेले पिक्चर मला जसे आठवतात तसे मोबाईलवर बघितलेले आठवत नाहीत. मोबाईलवर बघितला तर तसंच लिहा, ‘मोबाईल, तीन तुकड्यांत’. त्यात लाज काही नाही. उलट तो पिक्चर मनाला का लागला नाही याचं कारण पुढं तिथंच मिळतं, आणि मोठ्या पडद्यावर परत संधी द्यावीशी वाटते.

कुणाबरोबर हे तर लिहाच. आईला घेऊन १९३६ चा ‘संत तुकाराम’ घरी टीव्हीवर लावला होता, मी तो व्हेनिसला गाजलेला पिक्चर म्हणून बघायला बसलो होतो, आणि आई मात्र विष्णुपंत पागनीसांचा चेहरा बघून मधेच हात जोडून बसली. पडद्यावर तुकारामांची बायको जिजाई चिडली की आई म्हणायची, ‘बरोबर बोलतीय की गा ती, पोरांनी खायचं काय?’ त्या दिवशीच्या ओळीत माझं मत नाहीच, आईचं वाक्य आहे. माझ्या सगळ्या वह्यांतली मला आवडती ओळ विचाराल तर तीच.

काय मोजायचं आणि काय नाही याचा नियम आधीच करून ठेवा, नाहीतर दरवेळी वाद होतो मनाशी. माझं असं आहे की शेवटपर्यंत बघितला तरच नोंद, अर्धवट सोडलेल्यांसाठी वहीच्या मागच्या बाजूला वेगळं पान, तिथं नाव आणि कुठं सोडला एवढंच. टीव्हीवर जाहिरातींसकट बघितला तरी चालतो, पण पहिला अर्धा तास चुकला असेल तर तसं लिहायचं. वेबसिरीज वेगळ्या, त्या यात घालू नका, सगळा हिशेब बिघडतो. शॉर्टफिल्म मी घेतो, काही जण घेत नाहीत. परत बघितलेला पिक्चर ही नवीन नोंद, पुढं ‘परत’ असं लिहायचं, आणि जुनी ओळ न बघता नवी ओळ लिहायची, मग दोन्ही शेजारी ठेवून वाचायच्या. हे करून बघाच.

आता ॲप. लेटरबॉक्स्ड बहुतेक तुम्ही ऐकलं असेल, २०११ मध्ये न्यूझीलंडमध्ये सुरू झालेलं, डायरी फुकट वापरता येते, तारीख टाकता येते, परत बघितलाय का ते मार्क करता येतं, अर्ध्या स्टारपासनं पाच स्टारपर्यंत देता येतात. वर्षाची आकडेवारी छान दिसते पण ती पैसेवाल्या मेंबरशिपला मिळते. मी ते शोधायला आणि मोजायला वापरतो, लिहायला नाही. अडचण अशी की मराठी नाव इंग्रजी स्पेलिंगनं शोधावं लागतं, आणि स्पेलिंग कुणी कसं केलंय त्यावर सगळं अवलंबून. जुने मराठी, कन्नड पिक्चर कधी कधी सापडतच नाहीत. तेव्हा काय करायचं तर लेटरबॉक्स्ड पिक्चरची माहिती टीएमडीबी नावाच्या साईटवरनं घेतं, आणि तिथं कुणालाही अकाउंट काढून पिक्चर जोडता येतो, पोस्टर, कलाकार, साल सगळं. आपल्या भाषेतला राहिलेला पिक्चर आपणच जोडला की तो सगळ्यांना दिसतो, मला हे काम फार मोलाचं वाटतं, मराठी लोकांनी हे जास्त करायला पाहिजे. तुमच्या यादीत असा एखादा असेल तर अर्धा तास द्या त्याला.

ॲपवर सगळंच ठेवणार असाल तर सेटिंगमधनं अधूनमधनं डेटा एक्स्पोर्ट करून घ्या, फाईल मिळते, ती गुगल शीटमध्ये उघडते. माझी वही आहेच, पण महिन्याच्या शेवटी मी तिच्यातल्या ओळी शीटमध्ये उतरवतो, भाषेप्रमाणे फिल्टर लावता येतो म्हणून. तसं करताना मागच्या वर्षी दिसलं की कर्नाटकात राहून मी कन्नड पिक्चर किती थोडे बघतो, इंग्रजीपेक्षाही कमी, आणि तेपण सगळे मोठे ॲक्शनवाले. तेव्हापासनं मी गोकाकच्या मित्राला दर महिन्याला एक नाव विचारतो आणि तो मला. त्याच्या शीटमध्ये आता मराठीचा रकाना भरायला लागलाय. सीमेच्या वादात आम्हा दोघांची घरं कुठल्या बाजूला आहेत ते सगळ्यांना माहिती आहे, पण शनिवारी रात्री कुठला पिक्चर लावायचा ते आमचं आम्ही ठरवतो.

स्टारचं एवढंच सांगतो. आज दिलेले साडेतीन आणि मार्चमध्ये दिलेले साडेतीन एकच असतात काय? त्या दिवशी पोट भरलेलं होतं, शिफ्ट नव्हती, शेजारी कोण बसलं होतं, सगळ्यानं आकडा हलतो. त्यापेक्षा ‘शेवटची वीस मिनिटं कुणी बोललं नाही’ असं लिहा, दहा वर्षांनी वाचलं तरी कळेल. अगदीच राहवत नसेल तर दुसऱ्यांदा बघावासा वाटतो त्याच्यापुढं टिक मारा. मी तेच करतो.

राहिलं मागच्या महिन्यांचं. जानेवारीपासनं सगळं आठवून तारखा लावत बसू नका, दमाल आणि परत बंद पडेल. वहीत एक पान सोडा, ‘या वर्षी आधी बघितलेले’ असं वर लिहा, ओटीटीच्या हिस्टरीत बघा, तिकिटाचे मेसेज फोनमध्ये असतील ते बघा, व्हॉट्सॲपवर कुणाला ‘कसा आहे’ विचारलेलं असतं तेपण सापडतं. मिळतील तेवढी नावं तारखेशिवाय उतरवा, बाकीची जाऊ देत. आणि आज रात्री जो लावाल त्याच्यापासनं तारखेसकट सुरू करा.