आधी उपचार, मग कागद

मानसिक आजार आणि कायदा यांविषयी वाचकांनी विचारलेल्या काही प्रश्नांची ही उत्तरे.

धाकट्या भावाने जीव द्यायचा प्रयत्न केला. वेळेत दवाखान्यात नेल्याने वाचला. पण पोलीस जबाब घ्यायला आले. त्याच्यावर गुन्हा दाखल होईल का?

नाही. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे त्याचे कलम ११५ गृहीत धरते, आणि तिच्यावर उपचार करण्याची जबाबदारी सरकारवर टाकते. असा प्रयत्न गुन्हा ठरवणारे भारतीय दंड संहितेचे जुने कलम ३०९ तर १ जुलै २०२४ पासून, भारतीय न्याय संहिता आल्यावर, उरलेलेच नाही. सरकारी अधिकाऱ्यावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न मात्र या नव्या संहितेच्या कलम २२६ खाली आजही गुन्हा आहे. हताश माणूस कचेरीच्या दारात गेला म्हणून त्याची गरज बदलते, असे मला वाटत नाही.

पोलीस येतात ते रुग्णालयाने एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायचे वैद्यकीय-कायदेशीर प्रकरण, नोंदवल्यामुळे. यामागे दुसऱ्या कोणाचा हात आहे का, हे त्यांना पाहायचे असते. म्हणून घाबरून ‘चुकून झालं’ असे सांगू नका. तसे सांगितले की डॉक्टर शरीर बरे करून घरी पाठवतात, आणि मनोविकारतज्ज्ञाची भेट राहूनच जाते. आणि ‘पोलीस आल्याशिवाय हात लावणार नाही’ असे कुठे ऐकवले, तर आधी जीव वाचवणे डॉक्टरचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितले आहे, हे ठामपणे सांगा.

मुलगा २६ वर्षांचा. सगळे आपल्या वाईटावर आहेत असे त्याला वाटते. परवा आईवर हात उचलला. डॉक्टरकडे येत नाही. जेवणातून गोळी द्यावी का? गाडी पाठवून रुग्णाला घेऊन जाणारे एक केंद्रही कोणी सुचवले आहे.

तुमची दमछाक मी समजू शकतो. तरीही दोन्ही नको. जेवणातून दिलेली गोळी उघडकीस आली की त्याचा संशय खरा ठरतो, मग तो घरचे अन्नही सोडतो. आणि अनोळखी माणसांनी उचलून नेलेला मुलगा पुढे तुमच्यावर विश्वास कसा ठेवणार?

कायद्यात रस्ता आहे. जीवाला धोका असेल तर ११२ वर फोन करा. आजारामुळे स्वतःला किंवा इतरांना धोका असलेल्या व्यक्तीला पोलीस संरक्षणात घेऊ शकतात. पण तिला कोठडीत ठेवता येत नाही. २४ तासांच्या आत सरकारी आरोग्य केंद्रात न्यावेच लागते. तातडीच्या प्रसंगी कोणताही नोंदणीकृत डॉक्टर नातेवाइकाच्या संमतीने ७२ तासांपर्यंत उपचार करू शकतो. विजेचे झटके मात्र त्यात बसत नाहीत. पुढे दाखल करायचे असेल, तर प्रतिनिधी म्हणून तुमचा अर्ज लागतो आणि दोघांनी त्याला स्वतंत्रपणे तपासावे लागते; त्यांतला एक मनोविकारतज्ज्ञ हवा. ही मुदत ३० दिवसांपर्यंत असते, आणि या कायद्याखालच्या मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे दाद मागण्याचा हक्क त्याला असतो. ही अडवणूक नव्हे. २००१ मध्ये तमिळनाडूत एरवाडीच्या एका खासगी मनोरुग्ण केंद्राला आग लागली, तेव्हा साखळदंडांनी बांधलेले २८ रुग्ण होरपळून गेले. घरच्यांनीच त्यांना विश्वासाने तिथे ठेवले होते. आज साखळीने बांधण्यास कायद्याने बंदी आहे. म्हणून कोणत्याही केंद्राची नोंदणी आधी विचारा. पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे सरकारी मनोरुग्णालये आहेत.

तो सावरला की पुन्हा असे झाल्यास काय करावे, काय करू नये, हे त्याच्याकडूनच लिहून घ्या. कायदा त्याला तो अधिकार देतो.

मी शाळेत समुपदेशक आहे. नववीतल्या मुलीने नात्यातल्या माणसाकडून होणारा लैंगिक त्रास सांगितला. ‘जगावंसं वाटत नाही’ असेही म्हणाली. कोणाला सांगणार नाही, असे वचन मी दिले आहे.

ते वचन पाळता येणार नाही. बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवणे हा गुन्हा आहे. पण कळवण्याआधी मुलीला स्वतः सांगा: ‘तुला सुरक्षित ठेवायचं तर मला हे सांगावंच लागेल, आणि मी तुझ्यासोबत असेन.’ तिच्या पाठीमागे झाले तर ती पुन्हा कोणाकडेच तोंड उघडणार नाही. आज तिला एकटे सोडू नका, आणि तो माणूस घरात असेल तर घरी पाठवू नका. १०९८ वर चाइल्डलाइनची मदत मिळते. स्टाफरूममध्ये मात्र एक अक्षरही नको.

तालुक्याच्या दैनिकात बातमीदार आहे. एका विद्यार्थ्याच्या आत्महत्येच्या बातमीत फोटो आणि चिठ्ठी हवी, असे संपादक म्हणतात.

नको म्हणा. पद्धत, जागा, फोटो, भडक मथळा हे सगळे टाळावे, असे भारतीय वृत्तपत्र परिषदेने २०१९ मध्ये सांगितले. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये हेच वाहिन्यांनाही लागू केले. ‘नापास झाला म्हणून’ असे एका वाक्यात कारण लिहू नका. तशाच अडचणीत असलेला दुसरा मुलगा ती बातमी वाचत असतो. वाचलेल्या, उपचार घेणाऱ्या रुग्णाबद्दल तर त्याच्या संमतीशिवाय काहीही छापता येत नाही. फोटोच्या जागी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक ठळक छापा. तो चोवीस तास चालतो, मोफत आहे, मराठीतही बोलता येते.