उन्हाळ्यातला केक आणि नावाची शिरोरेषा

या महिन्यात घरच्या केकच्या सजावटीबद्दल बरीच पत्रं आली. तक्रारी वेगवेगळ्या दिसल्या, तरी फिरून फिरून दोनच कारणं सापडतात: उष्णता आणि पाणी. नागपुरात मे महिन्यात पहिलं छळतं, जुलैपासून दुसरं. कूलर सुरू केला की उन्हाळ्यातही दोन्ही एकदमच येतात.

आजीला २० मे रोजी ७५ वर्षं पूर्ण होतात. मागच्या वेळी केकला लावलेलं क्रीम अर्ध्या तासात बाजूंनी खाली घसरलं. घरी एसी नाही, कूलर आहे. केक मात्र क्रीमचाच हवा. काय करू? (मनीषनगर)

क्रीम घसरलं की सगळा राग क्रीमवर निघतो. आधी खालचा केक तपासा. मे महिन्यात स्वयंपाकघर दुपारी ३८-४० अंशांवर असतं, त्यामुळे ओट्यावर 'गार झालेला' केकही कोमटच असतो. त्यावर क्रीम लावलं की चिकटण्याआधीच आतून सैल पडतं. म्हणून केक आदल्या दिवशी भाजा, पूर्ण निवल्यावर प्लास्टिकमध्ये गुंडाळा आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. दुसरं कारण केक ओलसर राहावा म्हणून थरांवर घालतो त्या साखरपाण्याचं. सात इंची केकच्या प्रत्येक थराला तीन ते चार मोठे चमचे पुरे होतात. त्याहून जास्त घातलं की पाणी कडेने झिरपतं आणि क्रीमला धरायला काही उरत नाही.

आता क्रीम. पाकिटावर फॅट २५ टक्के लिहिलेलं साधं फ्रेश क्रीम कितीही फेटलं तरी उभं राहत नाही. बेकरीच्या सामानाच्या दुकानात गोठवलेलं नॉनडेअरी (दुधाऐवजी वनस्पती तेलाचं) व्हिपिंग क्रीम मिळतं, ते घ्या. सात इंची केकला ३०० ग्रॅम लागतं, कारण फेटल्यावर ते तिपटीच्या आसपास फुगतं. फ्रीजरमधून काढून रात्रभर खालच्या कप्प्यात ठेवा. बर्फाचे बारीक कण राहिले असतील तर उन्हाळ्यात ते चांगलेच. स्टीलचं भांडं आणि बीटरची पाती २० मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवा, भांड्याखाली बर्फाची परात घ्या आणि मध्यम वेगाने फेटा. पातं उचलल्यावर टोक उभं राहून शेंडा किंचित वाकला की थांबा. पुढे फेटत गेलात तर क्रीम रवाळ होतं आणि केकवर भेगा पडतात. असं झालंच तर दोन-तीन चमचे पातळ क्रीम घालून हाताने हलकं मिसळा. मशीन पुन्हा लावू नका.

अर्धं क्रीम फ्रिजमध्येच राहू द्या. आधी पातळ थर देऊन केकचा चुरा बसवा, २० मिनिटं गार करा, मग मुख्य थर. दर दहा मिनिटांनी केक परत फ्रिजमध्ये गेलाच पाहिजे. हे काम सकाळी सातच्या आत उरका, आणि कूलरच्या झोतात मुळीच करू नका.

पाहुणे वेळेवर येतील याची खात्री नसेल तर मात्र आमचं मत गनाशच्या, म्हणजे चॉकलेट-क्रीमच्या लेपाच्या, बाजूने आहे. ३०० ग्रॅम डार्क चॉकलेट आणि १५० ग्रॅम क्रीम, म्हणजे दोनास एक. क्रीम कडेला बुडबुडे येईपर्यंत तापवून चॉकलेटवर ओता, दोन मिनिटांनी मधून बाहेर ढवळत एकजीव करा आणि लोण्यासारखं घट्ट झाल्यावर लावा. तेल सुटलं तर एक चमचा कोमट दूध घालून ढवळा, परत जुळून येतं. तरीही केक कापायच्या अर्धा तास आधीच बाहेर काढा.

केकवर मराठीत नाव लिहिताना अक्षरं वरखाली होतात आणि जोडाक्षरं बुजतात. इंग्रजी सोपं जातं, पण आम्हाला मराठीच हवं. (धरमपेठ)

हा हट्ट सोडू नका! देवनागरीला फक्त आखणी वेगळी लागते. सात इंची केकवर लिहायला सपाट जागा साधारण १४ सेंटीमीटर मिळते, म्हणजे दोन सेंटीमीटर उंचीची सात-आठ अक्षरं. 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा' आणि खाली नाव हे सगळं कोंबलं की वेलांट्या वरच्या ओळीत घुसतात. नुसतं 'आजी ७५' किती छान दिसतं!

५० ग्रॅम डार्क कंपाउंड चॉकलेट वितळवून त्यात अर्धा चमचा तेल घाला. पाण्याचा एक थेंबही गेला तर चॉकलेट आवळून त्याचा गोळा होतो, म्हणून भांडं, चमचा, हात सगळं कोरडं हवं. बटर पेपरचा कोन करून टोक जेमतेम दोन मिलीमीटर कापा. केक थंडगार असू द्या, मग एक दोरा ताणून क्रीमवर हलकेच टेकवा आणि उचला. त्याची खूण हीच तुमची शिरोरेषा. अक्षरं त्या खुणेखाली लटकवत जा, मग काना-मात्रा, आणि रेषा सगळ्यांत शेवटी ओढा. रेषा आधी काढली की प्रत्येक अक्षर जोडताना कोन तिला घासतो आणि ती फरफटते. कोन क्रीमला टेकवू नका. सेंटीमीटरभर वर धरून चॉकलेटची तार खाली पडू द्या, हात आपोआप स्थिर होतो.

याहून खात्रीचा मार्ग हवा असेल तर शब्द कागदावर पेनने ठसठशीत लिहा, त्यावर बटर पेपर ठेवून चॉकलेटने गिरवा, फ्रिजमध्ये दहा मिनिटं ठेवा आणि पातळ सुरीने सोडवून केकवर ठेवा. इथे आपली लिपी खरोखर कामाला येते: शिरोरेषेने अक्षरं बांधलेली असतात, त्यामुळे अख्खा शब्द एकसंध उचलला जातो. सगळा भार तिच्यावर असतो, म्हणून ती दोनदा गिरवून जाड करा. अनुस्वाराचा टिंब सुटा राहतो, तो नंतर चिमट्याने ठेवा. 'भ', 'श', 'च्छ' यांच्या गाठी पेनाने लिहितो त्यापेक्षा मोठ्या काढा, नाहीतर चॉकलेट पसरून भरून जातात. आणि कोन हातात घेण्याआधी तो कागद घरातल्या दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्या. 'शुभेच्छा' आणि 'दीर्घायुष्य' इथे चुका फार होतात, आणि त्या फोटोत कायमच्या राहतात.

संत्र्याच्या सोललेल्या फोडी क्रीमवर लावल्या, तर दोन तासांत पाणी सुटलं. चकत्या पाकात शिजवल्या, तर साल सुटून आली. (काटोल)

आवरण काढलेली फोड म्हणजे रसाचं उघडं भांडं. सजावटीला आवरण राहू द्या, फक्त पांढरे धागे काढा, पुसून तासभर जाळीवर सुकवा आणि केक कापायच्या थोडं आधी कडेने लावा. चकत्यांमध्ये तुमची चूक नाही. नागपुरी संत्र्याची साल मुळातच सैल आणि मधला भाग पोकळ, त्यामुळे अखंड चकती टिकत नाही. त्यासाठी मोसंबी घ्या.

संत्र्याची खरी गंमत सालीत आहे. साल अर्धा सेंटीमीटर रुंदीच्या पट्ट्यांत कापा, दर वेळी नवं पाणी घेऊन तीनदा तीन-चार मिनिटं उकळा, कडवटपणा जातो. मग एक वाटी साखर आणि अर्धी वाटी पाणी यांच्या पाकात मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत शिजवा, रात्रभर सुकवा आणि साखरेत घोळवा. मृग बहाराच्या (पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्याच्या) संत्र्यांची साल मार्चमध्ये अशी करून हवाबंद डब्यात ठेवली की मे महिन्यातल्या केकलाही संत्रं मिळतं. क्रीममध्ये रस घालू नका, ते पातळ होतं. दोन संत्र्यांची वरची केशरी साल किसून घाला.

ऑगस्टमध्ये मुलीचा पहिला वाढदिवस आहे. फॉन्डंटचे (मळून आकार देता येणाऱ्या साखरेच्या गोळ्याचे) हत्ती-ससे चिकट होऊन वाकतात. (कामठी)

पाव किलो फॉन्डंटमध्ये एक छोटा चमचा टायलोज पावडर (फॉन्डंट कडक करणारी) मळा आणि प्राणी चार दिवस आधी करून पंख्याखाली सुकवा. फ्रिजमध्ये कधीही नाही, कारण बाहेर काढताच त्यांच्यावर दव धरतं. क्रीमचा ओलावाही फॉन्डंट विरघळवतो. तळव्यांना वितळलेलं चॉकलेट लावून वाळवा आणि अगदी शेवटी केकवर उभे करा.

बर्डीच्या फूलबाजारातली ताजी फुलं केकवर चालतील का? (सीताबर्डी)

गुलाब चालेल, पण बाजारातल्या फुलांवर फवारणी असते. देठ फॉइलमध्ये गुंडाळा, फूल केकला थेट टेकू देऊ नका आणि कापण्याआधी काढून घ्या. कण्हेर विषारी आहे, पांढऱ्या चाफ्याच्या देठातून चीक निघतो. दोन्ही केकच्या जवळही नकोत.