पाय ओढत चालतोय, कुठे न्यावं?

प्रश्न: आमचा डॅशहाउंड कुत्रा, पाच वर्षांचा, सोफ्यावरून उडी मारली आणि दुसऱ्या दिवसापासून मागचे पाय ओढत चालतोय. इथल्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला, त्यात काही नाही म्हणाले. न्यूरोचा डॉक्टर कुठे शोधू? आम्ही साताऱ्याचे.

उत्तर: अहो, एक्स-रेत हाडं दिसतात, मज्जारज्जू दिसत नाही, त्यामुळे रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून निवांत बसू नका. या लांबुडक्या जातीत मणक्यातली गादी सरकून मज्जारज्जू दाबला जाणं फार कॉमन आहे आणि ते नक्की कळायला एमआरआय लागतो, तोही भूल देऊन. तुम्हाला जवळचं म्हणजे शिरवळचं व्हेटर्नरी कॉलेज, नाहीतर मुंबईत परळचं, तिथल्या सर्जरी विभागाला आधी फोन करा, एमआरआय आणि मणक्याचं ऑपरेशन कुठे होईल ते स्पष्ट विचारा, मगच गाडी काढा. तुमच्या डॉक्टरांची रेफरल चिठ्ठी, एक्स-रे आणि तो चालतानाचा मोबाइल व्हिडिओ सोबत ठेवा, कारण टेबलावर ठेवल्यावर ही मंडळी घाबरून वेगळंच वागतात!

मागच्या पायाचं बोट जोरात चिमटल्यावर पाय नुसता आखडला तर ती रिफ्लेक्स, म्हणजे वेदना न जाणवताही आपोआप होणारी हालचाल, असू शकते, तो वळून बघतो का, ओरडतो का, हे डॉक्टरांना तपासायला सांगा. काहीच जाणवत नसेल किंवा शू तुंबली असेल तर त्याच दिवशी निघा, इथे तासांचा हिशोब असतो. तोवर पिंजऱ्यात ठेवा, शूलाही उचलून न्या. मालिश नको, आणि घरातली माणसांची दुखण्यावरची गोळी कॉम्बिफ्लाम तर अजिबात नको.