‘हाल्ब आख्ट’ म्हणजे साडेसात

जर्मन शिकायला घेतलीत, छान केलंत. घड्याळाच्या धड्याला अडलात म्हणून खचू नका, तिथे बहुतेक जण अडखळतात. सुरुवातीला एवढंच पक्कं करा:

१. ‘हाल्ब आख्ट’ म्हणजे साडेसात. ‘हाल्ब’ म्हणजे अर्धा, ‘आख्ट’ म्हणजे आठ: आठवा तास अर्धा झाला, असा हा हिशोब. डच, स्वीडिश, पोलिश, रशियनमध्येही असंच.

२. ब्रिटिश माणूस ‘हाफ एट’ म्हणाला, तर मात्र साडेआठ. नवशिके नेमके इथेच फसतात, कारण ते इंग्रजीतून जर्मनकडे जातात. तुम्ही थेट मराठीतून जा: साडेसात म्हणायचंय? पुढचा आकडा घ्या, आख्ट, आणि आधी ‘हाल्ब’ लावा. आपलं ‘अडीच’ तरी ‘अर्धतृतीय’वरूनच आलंय, म्हणजे तिसरा अर्धा! ही रीत आपल्याला परकी नाहीच.

३. ‘फ्युन्फ फोर हाल्ब आख्ट’ म्हणजे साडेसातला पाच कमी, सात पंचवीस. ऐकून कळलं तरी पुष्कळ, बोलायची घाई नको.

डॉक्टरांची वेळ घेताना सरळ ‘झीबेन उअर ड्रायसिश’ (सात वाजून तीस) म्हणा, घोटाळा होणार नाही. आठवडाभर घरातलं घड्याळ मोठ्याने जर्मनमध्ये वाचा, मग मिनिटांकडे वळू.