मे महिन्यात हिमाचलमध्ये ट्रेकला जाताना खानदेशातल्या माणसाने काय तयारी करावी?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: चाळीसगावचे तिघं मित्र, मेच्या शेवटच्या आठवड्यात सार पास (पास म्हणजे खिंड), पहिलाच हिमालय. उन्हाळाच आहे, तर गरम कपडे कितपत घ्यायचे, खायला काय न्यायचं, आणि ४४ डिग्रीत राहणाऱ्याला तिकडे त्रास होतो का?

होतो. आणि गंमत म्हणजे मला पहिला त्रास झाला तो उन्हाचाच. मी भुसावळचा. मे महिन्यात दुपारी दोन वाजता फटफटीवर यावलला जाऊन आलेला माणूस. ट्रेक जिथून सुरू होतो त्या कसोलला उतरल्यावर आमच्या गटातली पुण्याची मंडळी तोंडाला पांढरं क्रीम फासत होती, तेव्हा मी म्हणालो, "भुसावळच्या माणसाला हे ऊन काय करणार?" चार दिवसांनी बर्फावरून खाली आलो तेव्हा नाकाची साल निघत होती, ओठ फुटून रक्त येत होतं आणि हनुवटीच्या खालची बाजू, जिथे आयुष्यात कधी ऊन लागलं नाही, ती भाजून लाल झाली होती. पुण्याची मंडळी ठणठणीत.

चूक अशी होते, की आपण ऊन गरमीवरून मोजतो. अंगाची लाही झाली की ऊन कडक, वारं गार असलं की ऊन नाही. तिकडे हे गणित चालत नाही. कातडी भाजतात ते अतिनील किरण. उंची दर हजार मीटरने वाढली की ते साधारण दहा टक्क्यांनी वाढतात. त्यात ताज्या बर्फावरून त्यांतले ऐंशी टक्क्यांपर्यंत परत वर उसळतात, म्हणून हनुवटीखाली भाजतं, नाकपुड्यांच्या आतसुद्धा भाजतं. हवा मात्र इतकी गार, की भाजतंय हे संध्याकाळी तंबूत कळतं. तेव्हा एसपीएफ ५० चं क्रीम, दर दोन-तीन तासांनी, कान आणि मानेसकट. ओठांना साजूक तूप लावून भागत नाही, तेही मी करून पाहिलंय. उन्हापासून वाचवणारा लिप बाम घ्या. गॉगल बाजूनेही डोळे झाकणारा आणि यूव्ही ४०० लिहिलेला हवा, स्टेशनबाहेरचा शंभर रुपयांचा नको. बर्फावर गॉगल काढून तासन्‌तास चाललेल्या माणसाचे डोळे रात्री चुरचुरतात, म्हणजे कांडलेली मिरची डोळ्यांत गेल्यासारखे. आमच्यातला एकजण दुसरा दिवसभर डोळ्यांना रुमाल बांधून बसला होता.

रुमालावरून आठवलं, आपला तो मोठा पांढरा सुती रुमाल अवश्य न्या. डोक्याला, तोंडाला, मानेला असा बांधायची आपल्याला सवय असते. तिकडे लोक त्यासाठी दुकानातून रंगीत कापडी नळकांडी विकत घेतात.

पण सुती म्हणजे फक्त रुमालच, बाकी सुती कपडे घरी ठेवा. हा माझा दुसरा धडा. नगारूच्या कॅम्पवर, म्हणजे पासच्या आधीच्या मुक्कामाला, पोहोचायला तासभर असताना गारा सुरू झाल्या. सकाळी आभाळ असं निळं, की मी पाँचो, म्हणजे डोक्यावरून घालायचा सैल रेनकोट, सॅकच्या तळाशी कोंबला होता. तो काढेपर्यंत जीन्स भिजली. जीन्स भिजली म्हणजे दोन किलोचं ओलं पोतं पायाला बांधल्यासारखं, आणि वर वारा. थंडी नुसती वाजली नाही, हाडांत शिरली. तंबूत हाताची बोटं चेन धरेनात. गाईडने मला लहान पोरासारखे कपडे बदलायला लावले, झोपायच्या पिशवीत घातलं आणि गरम पाणी पाजलं. तापमान तेव्हा शून्याखालीसुद्धा नव्हतं. ओलं अंग आणि वारा एकत्र आले की पाच-सात डिग्रीतही माणूस गारठून जाऊ शकतो.

म्हणून स्वेटरचा प्रश्न दुय्यम आहे, कोरडं राहण्याचा पहिला. एक जाड स्वेटर आणि त्यावर आणखी जाड स्वेटर ही आपली हिवाळ्यातली पद्धत तिकडे कामाची नाही. चढताना घाम येतो, थांबलं की दोन मिनिटांत हुडहुडी भरते, त्यामुळे दिवसभर काढ-घाल चालू असते. अंगाला लागून पॉलिएस्टरचा टी-शर्ट (क्रिकेट टुर्नामेंटमध्ये मिळतो तो, स्पॉन्सरचं नाव छापलेला, उत्तम चालतो), त्यावर फ्लीस (मऊ, हलकं, उबदार जाकीट), सर्वात वर वारा-पाऊस अडवणारं जाकीट. मुक्कामावर घालायला एक फुगीर जाकीट. ते विकत घेऊ नका, जळगावात घालणार कधी? कसोल-मनालीकडे भाड्याने मिळतं. थर्मलचा एक जोड फक्त झोपायला ठेवा, त्यात चालायचं नाही. लोकरीचे मोजे दोन जोड. आणि रेनकोटची पँट जरूर घ्या, कारण सार पासच्या पलीकडे बर्फाच्या उतारावरून बसून घसरत खाली यायचं असतं. तो ट्रेकचा सर्वात मजेचा भाग, पण भिजलेल्या बुडाने पुढचे तीन तास चालताना मजा राहत नाही.

झोपायचे कपडे आणि मोजे जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून, तोंड पिळून बांधून मग सॅकमध्ये ठेवा. सॅकचं कव्हर वाऱ्याने उडतं, पाठीच्या बाजूने पाणी शिरतंच. पाँचो सगळ्यात वर.

आता हवामान असं का वागतं ते. रावेर-यावलच्या केळीवाल्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. मेच्या शेवटी-जूनच्या सुरुवातीला सकाळ तापते, दुपारनंतर ढग उभे चढतात, आणि संध्याकाळी अर्ध्या तासाच्या वादळात घडाला आलेली बाग आडवी होते. डोंगरातही दुपारी हेच होतं, फक्त पावसाऐवजी गारा किंवा बर्फ. त्यात मे महिन्यापर्यंत भूमध्य समुद्राकडून पश्चिमी झंझावात अधूनमधून येत असतात, ते आले की दोन-तीन दिवस हवा बिघडलेली राहते. तिकडचा मोसमी पाऊस सहसा जूनच्या उत्तरार्धात पोचतो, म्हणजे तुम्ही त्याच्या आधी जाताय, एवढं बरं.

यावरून दोन गोष्टी. एक, पहाटे निघायचं. आपण शेतात ऊन टाळायला पहाटे जातो, तिकडे दुपारचे ढग टाळायला जायचं. शिवाय पहाटे बर्फ घट्ट असतो. दुपारी तो भुसभुशीत होतो आणि पाय मांडीपर्यंत आत जातो. पासच्या दिवशी गाईड रात्री दोन-तीनला उठवेल तेव्हा कुरकुर करू नका. दुसरी, हवामान खात्याच्या शिमला केंद्राचा अंदाज निघण्याआधी रोज बघा. ऑरेंज अलर्ट असेल आणि गाईड म्हणाला आज नाही, तर आज नाही. तिकीट बुडेल, बुडू द्या. जून २०२४ च्या सुरुवातीला उत्तराखंडात सहस्रतालच्या ट्रेकवर कर्नाटकातल्या गटातले ९ जण हिमवादळात सापडून गेले. महिना जूनचा होता. ढग गडगडायला लागले तर धारेवर थांबायचं नाही, एकट्या झाडाखालीही नाही, खाली उतरायचं.

उंचीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण ते विचारायला हवं होतं. कळसूबाई १,६४६ मीटर. कसोल, जिथून तुम्ही चालायला सुरुवात करणार, ते जवळपास तेवढ्याच उंचीवर आहे. म्हणजे महाराष्ट्राचं सर्वोच्च टोक जिथे संपतं तिथे तुमची पहिली पायरी. पास सुमारे ४,२०० मीटर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास, म्हणून दर श्वासात प्राणवायूही साठ टक्क्यांच्या आसपासच मिळतो. याचा सराव सातपुड्यात होत नाही, तोरणमाळला महिनाभर राहिलात तरी नाही. शरीराला वेळ देणं हाच उपाय. कसोलला एक दिवस जास्तीचा ठेवा. डोकं दुखणं, मळमळ, जेवण नकोसं होणं, झोप न लागणं ही लक्षणं दिसली तर गाईडला लगेच सांगा. लाजून किंवा "पित्त झालं असेल" म्हणून लपवू नका, आपल्याकडे सगळ्याचं पित्तच असतं. आराम करूनही वाढत असेल, बसल्या जागी धाप लागत असेल, चालताना झोक जात असेल, तर रात्र असली तरी खाली उतरवायचं. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी मेडिकलवाल्याच्या सल्ल्याने नाही, डॉक्टरांना विचारून. सल्फाच्या औषधाची ॲलर्जी असेल तर तसं त्यांना सांगा. आणि कसोलची पार्टी परत आल्यावर करा.

पाणी रोज तीन-चार लिटर. इथे घशाला कोरड पडली की आपण माठाकडे जातो. तिकडे घाम लगेच सुकतो, तहान लागत नाही, आणि कोरड्या हवेत नुसत्या श्वासातून पाणी जात राहतं. लघवी पिवळी झाली की समजायचं कमी पडतंय.

पायांचा सराव मात्र घरीच होतो, आणि तुम्ही तर पाटणादेवीच्या दारात राहता. पहाटे कन्हेरगड किंवा पितळखोऱ्याच्या बाजूने चढ-उतार, पाठीवर सहा-सात किलो, नऊच्या आत परत. एप्रिलमध्ये त्यानंतर डोंगरात थांबलात तर हिमालयाआधी उष्माघातानेच झोपाल. उतरायचा सराव जास्त करा, गुडघे उतारावर बोलतात. बूट आजच घ्या आणि महिनाभर तेच घालून बाजारात, शेतात, चक्कीवर फिरा. अर्धा नंबर मोठे घ्या आणि निघायच्या आदल्या दिवशी पायाची नखं कापा, नाहीतर उताराला अंगठे काळे पडतात.

रेल्वेने दिल्ली गाठाल तेव्हा तिथेही आपल्यासारखंच तापलेलं असेल, मग रात्रभर बस आणि सकाळी गार वारा. हा प्रवासच शरीराला झटका असतो. पोहोचल्या दिवशी थंड पाण्याने अंघोळ करून मर्दुमकी दाखवू नका.

खाण्याचं विचारलंय. तयार ट्रेक असेल तर कॅम्पवर डाळ-भात-पोळी मिळते, कोरडं थोडंच न्या: गूळ-शेंगदाणे, दराब्याचे लाडू. कळण्याची भाकरी दिल्लीपर्यंतच टिकेल, गाडीतच संपवा. ठेचा मात्र तेलात परतून, घट्ट झाकणाच्या डबीत, तुम्हाला वाटतो त्याच्या दुप्पट न्या. उंचीवर जिभेची चव जाते. आमची डबी नगारूच्या आधीच संपली, कारण पहिल्याच रात्री स्वयंपाक्याने ती मागून नेली आणि दुसऱ्या दिवशी रिकामी परत केली.