फिटची गोळी आणि वार

प्रश्न : सुनेला तिसरा महिना आहे. फिटसाठी लेव्हेटिरासिटाम ५०० मि.ग्रॅ. सकाळ-संध्याकाळ चालू आहे. गोळी वारेतून (गर्भाशयात बाळाला पोसणारा अवयव) बाळापर्यंत जाते म्हणून ती बंद करा, असं गल्लीतल्या बाया सांगतात. काय करावं?
— एक सासू, चोपडा (जि. जळगाव)

उत्तर : ताई, गोळी मनाने बंद करू नका. वार औषध अडवत नाही, हे खरं. बाळाच्या रक्तात ते जवळजवळ आईइतकंच असतं. पण मोठी फिट आली तर आईचा आणि बाळाचाही प्राणवायू घटतो. पोटावर पडली तर वार सुटून रक्तस्राव होऊ शकतो. तो धोका कितीतरी मोठा.

सगळी औषधं सारखी नसतात. सर्वांत घातक व्हॅल्प्रोएट : १०० पैकी सुमारे १० बाळांत जन्मजात व्यंग, शिवाय बुद्धीच्या वाढीवर परिणाम. ते वारेतलं फोलेटही (बाळाच्या वाढीला लागणारं जीवनसत्त्व) कमी करू शकतं. लेव्हेटिरासिटाम आणि लॅमोट्रिजिन त्या मानाने बरीच सुरक्षित.

इथे वेगळीच अडचण येते. गरोदरपणात मूत्रपिंडं लेव्हेटिरासिटाम वेगाने बाहेर टाकतात, रक्तातलं प्रमाण उतरतं आणि थांबलेली फिट परत येऊ शकते. म्हणून याच आठवड्यात जळगाव किंवा धुळ्याच्या मेंदूविकारतज्ज्ञाला दाखवा. डोस वाढवावा लागू शकतो. वाढवला तर बाळंतपणानंतर तो पुन्हा कसा उतरवायचा, हेही तेव्हाच लिहून घ्या. फोलिक ॲसिड किती, तेही विचारा. अशा वेळी बहुधा ५ मि.ग्रॅ. देतात. १८ ते २० आठवड्यांत व्यंग तपासणारी सोनोग्राफी चुकवू नका. गोळीनंतर लगेच उलटी झाली तर डॉक्टरांना फोन करा.