गव्हाचं च्युइंगम आणि ५० पौंड बटाटे

अगं,

तुझा तो लांबलचक व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला, एकदा भांडी घासताना आणि एकदा नीट बसून. नोकरी चांगली आहे, ॲग्रोनॉमिस्ट म्हणजे पीकतज्ज्ञ म्हणून घेतायत, घर परवडतंय, फक्त गाव कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतातलं, ६०० वस्तीचं आणि पोरगी ५ वर्षांची, ती तिथे एकटी पडेल का हा तुझा खरा प्रश्न. आणि शेवटी म्हणालीस की काकू तुम्ही तर तिथेच वाढलात, तुमचं लहानपण कसं होतं ते सांगा ना. आता ६२ व्या वर्षी कुणी लहानपण विचारलं की माणूस गोडच सांगतो, तेव्हा जरा सांभाळून वाच. शिवाय माझं मराठी १९६८ सालचं आहे, नागपूरहून निघताना आईने जे बांधून घेतलं तेवढंच, त्यामुळे चुका काढू नकोस.

मी पण ५ वर्षांचीच होते. १९६७ मधे कॅनडाने शिक्षण-कामाचे गुण मोजून बाहेरच्यांना घ्यायची पॉइंट सिस्टिम आणली आणि दुसऱ्याच वर्षी बाबा डॉक्टर म्हणून सस्कॅचेवानमधे आले, यॉर्कटनपासून तासाभरावर एक गाव, साडेचारशे वस्ती, एक मुख्य रस्ता, रेल्वेलाइन आणि लाइनला लागून तीन लाकडी एलिव्हेटर. एलिव्हेटर म्हणजे धान्य साठवायची उंच कोठारं हं, मला पहिले काही दिवस वाटायचं आत लिफ्ट आहे. ते दर आठ-दहा मैलांवरच्या गावात का उभे, तर घोडागाडी धान्य टाकून दिवसात घरी परत पोचली पाहिजे म्हणून. आम्ही मुलं लांबून परत येताना पैज लावायचो, आधी एलिव्हेटर कुणाला दिसतो. घर दिसायच्या कितीतरी आधी ते दिसायचे, आपल्याकडे देवळाचा कळस दिसतो ना तसे.

आमचं शेत नव्हतं, हे आधीच सांगते, नाहीतर तुला वाटेल काकू ट्रॅक्टरवर वाढल्या. माझी मैत्रीण शेतावरची होती, युक्रेनियन घर, आणि तिची आजी म्हणजे तिकडच्या भाषेत "बाबा". मी एकदा घरी येऊन सांगितलं, आज बाबांनी मला पेरोगी खायला दिल्या आणि माझ्या केसांना तेल लावलं. आईने बाबांकडे जे बघितलं ते मला अजून आठवतं. या आजीबाईंचा ख्रिसमस ७ जानेवारीला, त्यामुळे मला दोन ख्रिसमस आणि एक दिवाळी, बाकीच्या पोरांपेक्षा मी फायद्यात.

सप्टेंबरमधे हार्वेस्टला मी तिच्याकडेच पडलेली असायची. संध्याकाळचं जेवण शेतावर न्यायचं, पिकअपच्या मागच्या फळीवर मांडायचं, कम्बाइन (कापणी-मळणीचं यंत्र) थांबायची, माणसं दहा मिनिटांत खाऊन परत. दव पडून काडी ओली होईपर्यंत कापणी चालायची, कधी रात्री बारा, कधी त्याहून उशीर, आणि धुळीत दिव्यांचे झोत हलताना दिसायचे. आम्ही काय करायचो तर ट्रकमधला मूठभर गहू तोंडात टाकायचा आणि चावत राहायचं. पिठूळ लाळ गिळत गेलं की शेवटी चिवट गोळा उरतो, तेच आमचं च्युइंगम, फुकटचं. आई याच्या बरोब्बर उलट करायची. तिने तोच गहू आणून तीन दिवस भिजवून वाटून कुरडयांसाठी चीक काढला, चोथा फेकला, आणि मला कळेना की हिने च्युइंगम टाकून का दिलं.

पुढे सास्काटूनला ॲग्रिकल्चर शिकायला गेले तेव्हा मार्क्विस या कॅनडाच्या गाजलेल्या गव्हाचा धडा आला. तुलाही झाला असेलच, पण मला सांगू दे. तो वाण काढणारे चार्ल्स साँडर्स वेगवेगळ्या वाणांचे दाणे चावून बघायचे, चिकट गोळा कसा बनतो त्यावरून ग्लूटेन, म्हणजे गव्हातलं चिवट प्रथिन, ओळखायचे. आणि मार्क्विसचा एक पालक रेड फाइफ, तर दुसरा हार्ड रेड कलकत्ता, आपल्याकडून गेलेलं बी! त्या संकरामुळे गहू साधारण आठवडाभर लवकर पिकायला लागला, आणि जिथे सप्टेंबरच्या थंडीत पीक मार खातं तिथे आठवडा म्हणजे सगळं काही. मी मागच्या बाकावर एकटीच हसत बसलेले. ज्या गावात सगळे मला विचारायचे की तू इथली कशी, तिथला गहूच अर्धा तिकडचा.

हे झालं गोड. आता बाकीचं.

त्याच गव्हाच्या ट्रकमधे आम्ही कमरेपर्यंत घुसून खेळायचो, आणि वरून ऑगरने, म्हणजे धान्य वर चढवणाऱ्या नळीने, धान्य पडत असायचं. तुझ्या पोरीला हे करू द्यायचं नाही, कधीच नाही, कुणी कितीही म्हणो की आम्ही पण असेच वाढलो. वाहतं धान्य काही सेकंदांत माणसाला धरतं आणि मोठ्या माणसाला सुद्धा मग ओढून बाहेर काढता येत नाही. आम्ही वाचलो ते नशिबाने. डगआउट पण तसंच, डगआउट म्हणजे आपलं शेततळंच गं, काठ उभे आणि निसरडे. मैत्रिणीकडे खेळायला पाठवशील तेव्हा या दोन गोष्टी आधी विचार, वाईटपणा आला तरी चालेल.

एकटेपणा होता का? होता. मैत्रिणीचं घर माझ्या खिडकीतून दिसायचं, तिच्या घराभोवतीची झाडांची रांग दिसायची, आणि तरी हिवाळ्यात पंधरा-पंधरा दिवस भेट नाही. उणे ४० ला (तिथे सेल्सियस फॅरनहाइट सारखेच, भांडण नको) स्कूलबस बंद ठेवायचे पण शाळा चालू, म्हणजे गावातल्या चार पोरांनी चालत यायचं आणि शेतावरच्यांनी घरी मजा करायची, हा अन्याय मी अजून विसरलेले नाही. पण माझ्यापेक्षा जास्त एकटी आई होती, आणि मला तुझी काळजी वाटते ती पोरीसाठी नाही, तुझ्यासाठी. पोरं जमवून घेतात.

आईची गोष्ट ऐक. ऑक्टोबरमधे गावाचं फाउल सपर असतं, टर्की, बटाटे, कोबीचे रोल, पाय नावाचा गोड पदार्थ, सगळं गाव हॉलमधे जेवायला. पहिल्या वर्षी आईने खास बिटाची कोशिंबीर केली, वर हिंग-मोहरीची फोडणी, स्टीलच्या मोठ्या डब्यात. डबा जसा गेला तसा परत आला. कुणी वाईट बोललं नाही, सगळ्या बायका हसून "व्हेरी इंटरेस्टिंग" म्हणाल्या, आणि आई त्या इंटरेस्टिंगवर वर्षभर धुमसत राहिली. दुसऱ्या वर्षी ती गेलीच नाही, डोकं दुखतंय म्हणाली. तिसऱ्या वर्षी गुरुवारी दारात शेजारची बाई उभी, खांद्यावर ५० पौंड बटाट्यांचं पोतं, ते धाडकन स्वयंपाकघरात टाकलं आणि म्हणाली सोलून शनिवारी दहापर्यंत हॉलवर आण. बसली पण नाही. आई भडकली, डॉक्टरच्या बायकोला कुणी बटाटे सोलायला देतं का, बाबा हसायला लागले तर त्यांच्यावर भडकली. पण रात्री बसून सोलले तिने, मी पण सोलले. आणि शनिवारी हॉलच्या किचनमधे गेली ती संध्याकाळी सातला परत आली, हात सुजलेले, आणि घरात पाय ठेवल्या ठेवल्या कुणाची सून कशी आहे ते सांगायला लागली! इंग्लिश ती तिथे शिकली, त्या सिंकपाशी. त्यानंतर तिचं डोकं कधी दुखलं नाही, निदान ऑक्टोबरमधे तरी.

मला हे कळायला फार वर्षं लागली. आई पहिल्या वर्षी पाहुणीसारखी काहीतरी खास घेऊन गेली, आणि पाहुणीला गाव हसून वाट करून देतं, जवळ घेत नाही. पोतं टाकलं तेव्हा ती पाहुणी राहिली नाही. तू पण आमंत्रणाची वाट बघत बसशील, तुझा स्वभाव मला माहीत आहे, आणि ते येणार नाही, कारण त्यांच्याकडे आमंत्रण ही पद्धतच नाही, त्यांना वाटतं येणारा येईलच. तेव्हा पहिल्याच महिन्यात रिंकच्या, म्हणजे आइस हॉकी-स्केटिंगच्या हॉलच्या, कँटीनची एक शिफ्ट माग. काय येतं विचारलं तर "भांडी" म्हण. नवरा घरून काम करतो ना, त्याला म्हण सकाळी दहाला लॅपटॉप मिट आणि कॉफी रोला जाऊन बस. म्हातारे शेतकरी एका टेबलावर रोज बसलेले असतात, हवा, भाव आणि कुणाची पेरणी वाकडी गेली यावर बोलतात, पहिले दोन आठवडे त्याला कुणी काही विचारणार नाही, तिसऱ्या आठवड्यात तो दिसला नाही तर घरी फोन येईल.

एक गोष्ट मात्र कॉफी रोवर ऐकायला मिळणार नाही. शाळेत पहिल्याच दिवशी एका मुलाने मला विचारलं, तू कुठली इंडियन? तिथे त्या शब्दाचा अर्थ रिझर्व्हवरची, म्हणजे मूळ रहिवाशांसाठी राखून ठेवलेल्या जमिनीवरची माणसं, क्री, सोतो. मी दुसरी आहे हे कळल्यावर सगळे माझ्याशी नीट वागायला लागले, आणि मला त्याचं बरं वाटलं, हे मी तुला कबूल करते. ती सगळी जमीन त्यांच्याशी झालेल्या १८७४ च्या करारातली, ट्रीटी ४ मधली. रिझर्व्ह वीस मैलांवर, पण आमच्या वर्गात तिथलं एकही मूल नव्हतं, आणि ती मुलं कुठे असतात हे आम्ही कधी विचारलं नाही. त्यातली काही रेसिडेन्शियल स्कूलमधे होती, आईबापांपासून तोडलेली. केंद्र सरकारच्या पैशावर चालणाऱ्या तसल्या अगदी शेवटच्या वसतिगृहांपैकी एक बंद झालं १९९६ साली, तेही सस्कॅचेवानमधेच, आमच्याकडून फार लांब नाही. पोरीने विचारलं की इंडियन म्हणजे कोण, तर तिला सगळं सांग. आमच्या घरी हा विषय टाळला गेला.

आता व्यवहाराचं. मी सांगते ते गाव आज तसं नाही. एलिव्हेटर तिन्ही पाडले, १९९३ मधे प्रांतातल्या ५२ लहान हॉस्पिटलांचा पैसा बंद झाला त्यात आमचं गेलं, बाबा तेव्हा रिटायर व्हायला आले होते, बोलले काही नाहीत, फक्त पाटी स्वतः उतरवून घरी आणली. म्हणून घराची सही करायच्या आधी विचारून घे, शाळा अजून किती वर्षं टिकणार आणि तिच्या वर्गात मुलं किती, इमर्जन्सी चालू असलेलं जवळचं हॉस्पिटल किती किलोमीटर, पाणी विहिरीचं असेल तर तपासलंय का, रिंकवर बर्फ या वर्षी घातला होता का. रिंक बंद असेल तर मी दोनदा विचार करीन, शाळेपेक्षा सुद्धा आधी. आणि गाडीला ब्लॉक हीटर, म्हणजे थंडीत इंजिन गरम ठेवणारा हीटर, आहे की नाही ते बघ, टोरांटोच्या गाडीला बहुतेक नसतो.

घर बघायला मेअखेर जा. मागच्या अंगणात मोठी पानं आणि लाल देठांचं झुडूप दिसलं तर तो रुबार्ब, नवऱ्याला तण समजून उपटू देऊ नकोस. पानं विषारी असतात, पोरीला सांग, फक्त देठ घ्यायचे. आईला कैरी मिळायची नाही म्हणून ती त्याचाच मेथांबा करायची, गूळ नाही तर ब्राउन शुगर, मेथ्या जरा कमी, आणि देठ लगेच गळतात म्हणून अगदी शेवटी टाकायचे. बिटाच्या कोशिंबिरीकडे न बघणाऱ्या त्या बायका टर्कीबरोबर हे चमच्याने खायच्या आणि बरणी परत देताना विचारायच्या, अजून आहे का.